बारशातलं तिसरं नाव

टणकन झाकण पडलं. पडून गप्प बसलं नाही. फरशीवर गोल गोल फिरत राहिलं, फिरता फिरता त्याचा आवाज बारीक आणि घाईचा होत गेला, आणि शेवटी थरथरून थांबलं.

अनघानं कानावरचे हेडफोन दोन्ही हातांनी दाबून धरले. या घडीला तिच्या कानात नुसती शांतता असायला हवी होती. लिस्बनमधल्या सागरी भूकंप संस्थेत, खिडकीतून नदी दिसते त्या टेबलाशी बसून, ती वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यावरची जुनी नोंद चाळत होती. जमिनीच्या पोटात कधीतरी होऊन गेलेला एक बारकासा धक्का तिला शोधायचा होता. तिथं झाकण कुठून आलं?

आणि मग माणसाचा आवाज आला.

"हळू गो! आत्ताशी डोळा लागलाय पोरीचा."

कालिंदीआत्याचा आवाज. आत्याला जाऊन दोन वर्षं झाली होती.

अनघानं तो तुकडा पुन्हा लावला. पुन्हा झाकण, पुन्हा आत्या. मागं कुठंतरी पाळण्याची कडी कुरकुरत होती, आणि त्या पाळण्यात तिची स्वतःची मुलगी, रुंजी, महिन्याभराची होऊन निजली होती. रडावं की ओरडून सगळ्यांना बोलवावं ते तिला कळेना. तिनं दोन्हींतलं काहीच केलं नाही. उठून दार लावून घेतलं.

झालं होतं ते असं. घराघरात इंटरनेट आणणारी तार म्हणजे केसाएवढा काचेचा तंतू. काच कितीही शुद्ध म्हटली तरी तिच्यात जागोजागी सूक्ष्म खोट असतेच. तंतूत लेझरचा ठोका सोडला, की त्या प्रत्येक खोटेवरून चिमूटभर प्रकाश मागं परततो. जमीन हलली, तंतू कणभर ताणला, की परत येणाऱ्या प्रकाशाची लय बदलते. ती लय वाचता आली, तर हजारो किलोमीटरची तार म्हणजे वीतभर अंतरावर ठेवलेले लाखो कान. भूकंप, त्सुनामी, समुद्रतळाशी सरकणारी दरड, सगळं आधी कळायला लागतं. अनघानं या कामासाठी एक गणिती चाळणी बनवली होती. रहदारी, वारा, लाटा बाजूला काढून पृथ्वीची कुजबुज तेवढी वर ठेवणारी. तिचं नाव त्या चाळणीमुळं झालं होतं.

चाळून उरलेला कोंडा मात्र कुणी पाहिला नव्हता. तार घरात शिरते तिथं तिचं थोडं वेटोळं सोडलेलं असतं. कुणी बोललं की हवा हलते, हवेनं ते वेटोळं हलतं. इतकं थोडं, की आजवरच्या कुठल्याच यंत्राला ते पकडता आलं नव्हतं. नवी चाळणी पकडत होती. आणि नोंदी तर वर्षानुवर्षांच्या साठवलेल्या. म्हणजे ज्या ज्या घरात ही तार गेली होती, तिथं जे जे बोललं गेलं होतं, ते कोंड्यात पडून होतं. फक्त पाखडायचं होतं.

वेंगुर्ल्याच्या घरात ती तार अनघानंच नेली होती. पीएचडी करत असताना किनाऱ्यावरच्या एका घरात चाचणीचं टोक हवं होतं आणि गावात कुणी भिंतीला भोक पाडू देईना. तेव्हा आत्या म्हणाली होती, "माझ्याकडं लाव. भाचीचं यंत्र माझ्या घरात नाही तर कुणाच्या?" मग जरा थांबून तिनं विचारलं होतं, "यातून बोलणं ऐकू जात नाही ना गो?"

अनघा तेव्हा मोठ्यानं हसली होती. "फक्त भूकंप, आत्या!"

\*

दोन दिवसांत तिनं संचालकांना सगळं सांगितलं. प्रोफेसर तेलेस भला माणूस. पण संस्था चालवायची म्हणजे दहा ठिकाणी मान तुकवावी लागते. त्यांनी ऐकून घेतलं, चष्मा पुसला आणि म्हणाले, "महिनाअखेरीला राष्ट्रांची परिषद आहे. बेचाळीस देश आपल्या तारांच्या नोंदी एकत्र एका भांडारात ठेवायला सही करणार आहेत. त्यात तुझं प्रात्यक्षिक आहे. तोवर हे कुणाशी बोलू नकोस."

ती बोलली नाही. पण ते कुणाशी तरी बोलले असावेत. कारण पुढच्याच आठवड्यात, रुंजीला शाळेत सोडून ती ट्रामच्या थांब्यावर उभी असताना, शेजारी उभ्या असलेल्या एका नीटनेटक्या गृहस्थानं शुद्ध मराठीत विचारलं, "वेंगुर्ल्याच्या कुडतरकर ना तुम्ही? कॉफी घेऊ या का?"

परक्या गावात मराठी ऐकलं की माणूस आधी विरघळतं, विचार नंतर करतं. अनघाचंही तसंच झालं. कॉफी समोर आल्यावर तिच्या लक्षात आलं, की यानं तिचं माहेरचं आडनाव घेतलं होतं. लिस्बनमध्ये ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

"निनाद राजाध्यक्ष," तो म्हणाला. "लंडनला असतो. काही सरकारांना सल्ला देतो. कुठल्या, ते विचारू नका, मलाही कधी कधी आठवत नाही." स्वतःच्या विनोदावर तो हसला. "तुमच्या आत्या काय करायच्या हो?"

"वकिलातीत स्टेनो होती. इथं, मग नैरोबी, मग व्हिएन्ना. निवृत्त होऊन गावी आली."

"स्टेनो," त्यानं शब्द चघळला. "घरचे काय म्हणायचे त्यांना?"

घरचे काय म्हणायचे ते अनघाला पाठ होतं. साहेबांची टायपिस्ट. लग्न नाही, मूल नाही, दर दिवाळीला परदेशी चॉकलेटं घेऊन येणार आणि चार दिवसांत परत पळणार. काकू तर तिच्या तोंडावर म्हणायची, वन्सं, एवढं फिरलात, एखादा गोरा तरी घेऊन यायचा!

"तुमच्या आत्यांनी आयुष्यात फारसं टायपिंग केलेलं नाही," राजाध्यक्ष म्हणाला. "त्या धोक्यात सापडलेली माणसं सीमेपलीकडं पळवून न्यायच्या. भारतासाठी. माझ्या धंद्यातले जुने लोक त्यांचं नाव अजून अदबीनं घेतात, आणि ते लोक अदब ठेवणाऱ्यांतले नाहीत."

अनघानं कप बशीवर ठेवला. भीतीच्या आधी तिच्या छातीत काहीतरी उसळून वर आलं, आणि ते काय आहे हे कळायला तिला क्षणभर वेळ लागला. तो अभिमान होता. आमची आत्या! ती, जी वांगी निवडताना भाजीवाल्याशी पाऊण तास भांडायची!

"एक प्रयोगशाळा होती," तो पुढं म्हणाला. "कुणाची ते सोडा. तिथं एक बाई होत्या, गणिती. तुम्ही आज जे केलंत, ते त्यांनी तीस वर्षांपूर्वी कागदावर केलं होतं. आणि थोडं जास्तच. तुमच्या चाळणीला वेटोळं जवळ लागतं. त्यांच्या गणिताला लागत नाही. रस्त्याखालून जाणारी तार त्यांना पुरे. घरात इंटरनेट असो नसो, भिंतीपलीकडं बसलेला माणूस ऐकू यावा. ते यंत्र लष्कराला हवंय म्हटल्यावर बाईंनी नाही म्हटलं, होतं ते सगळं जाळलं, आणि एका रात्रीत नाहीशा झाल्या. नाहीशा कुणी केल्या, ते आता तुम्हाला कळलंच असेल. त्या जिवंत आहेत, अनघाताई. दुसऱ्या नावानं. ते नाव मला हवंय."

"मला काय माहीत?"

त्यानं फोन टेबलावर ठेवला आणि तिच्याच चाळणीतून काढलेला तुकडा लावला. बाबांचा आवाज होता, बारशाच्या दिवशीचा. "अक्का, दोन नावं कळली. ते तिसरं कसलं घेतलंस गं कानात? काही तरी इंग्रजीच होतं!" आणि मग आत्या, सावकाश, "जिनं जीव पणाला लावून नाही म्हटलं, तिचं आहे ते. आता जे नाव लावते ते. पोरीत तेवढं उतरू दे."

अनघाला ते बारसं लख्ख आठवलं. परागला, तिच्या नवऱ्याला, बहीण नाही. तो जहाजावर, दूर कुठं तरी. म्हणून आत्येचा मान कालिंदीआत्याला दिला होता. आत्या पाळण्यावर वाकली, बाळाच्या कानाशी तोंड नेलं, आणि कुर्रर्र म्हणून एकेक नाव सांगायला लागली. बायकांनी रीतीप्रमाणं तिच्या पाठीत धपाटे घातले, तेही असे, की काकूनं जुनी सगळी कसर भरून काढली. हसणं, धपाटे, बांगड्यांचा किणकिणाट. जन्मभर कुणाला काही न सांगितलेली बाई एकदाच चुकली, आणि चुकली ती पाळण्यापाशी.

"धपाट्यांखाली नाव गाडलं गेलंय," राजाध्यक्ष म्हणाला. त्याच्या स्वरात खरंच कौतुक होतं. "आम्ही आठवडाभर झटलो. जगातलं सगळ्यात महाग यंत्र आणि समोर तुमच्या काकू! नाही निघत. तुमच्या वडिलांना विचारून पाहिलं, त्यांना आठवत नाही. पण तुम्ही पाळण्याला टेकून बसला होतात. बाळाच्या उशाशी."

ती बसली होती. आणि तिनं ऐकलंही होतं. तीन नावं, तिसरं परक्या चालीचं, आडनावासकट. आत्याची गंमत म्हणून तिनं ते मनात ठेवलं होतं. आत्ता या घडीला ते नाव तिच्या जिभेच्या टोकावर येऊन बसलं, आणि तिला वाटलं, हा माणूस ते नुसता बघूनच वाचेल.

"मला काही ऐकू आलं नव्हतं," ती म्हणाली.

"असं म्हणाल वाटलंच होतं." त्यानं दुसरा तुकडा लावला.

या वेळी आवाज तिचा होता. थकलेला, चिरका, स्वतःलाही ओळखू न येणारा. "मला नको होतं हे बाळ. मला नको आहे. कुणीतरी घेऊन जा याला. घेऊन जा!"

कॉफीच्या दुकानात कुणालाच मराठी कळत नव्हतं. तरीही अनघानं झडप घालून फोन पालथा केला.

ते खरं होतं. बाळंतपणानंतरचे ते आठवडे. दूध येत नव्हतं, टाके दुखत होते, झोप म्हणून नव्हती. पोरगी रडत होती आणि तिला पोरीकडं बघवत नव्हतं. पुढं ते धुकं विरलं; कधी विरलं तेही कळलं नाही. आज रुंजी म्हणजे तिचा श्वास होता. पण बोललेलं बोललेलंच राहिलं होतं, कोंड्यात.

"मी वाईट माणूस नाही," राजाध्यक्ष म्हणाला. "हे मी आज कुणाला देणार नाही. मुलगी चौदा-पंधरा वर्षांची होईल. एखाद्या दिवशी तुमच्याशी भांडेल, दार आपटून आत बसेल. त्या दिवशी तिच्या फोनवर हे जाईल. तुम्हाला तो दिवस आधी कळणार नाही. रोज वाट बघावी लागेल." तो उठला. "परिषदेच्या दिवशी मी समोरच बसेन. प्रात्यक्षिक संपलं की एक नाव सांगा. मी हे पुसून टाकेन, आणि तुमच्या घराची सगळी नोंदही."

\*

त्यानंतर अनघा घरात बोलेनाशी झाली. राउटरमागचं वेटोळं तिनं उचकटून फेकून दिलं होतं, तरी बोलेना. रुंजीशी खाणाखुणा करायची, आणि बोलायचंच झालं तर गच्चीत वाळत घातलेल्या चादरींच्या मध्ये.

"आपण मूकमूक खेळतोय का?" रुंजीनं चादरीआडून विचारलं.

"हो."

"मग तू हरलीस. बोललीस!"

खालच्या मजल्यावरच्या ओदेतबाई रुंजीला शाळेतून आणायच्या, सांभाळायच्या. त्यांनी एकदा अनघाचं तोंड बघितलं आणि मोडक्या इंग्रजीत विचारलं, "नवऱ्याशी भांडण?" अनघा म्हणाली, "आत्याशी." म्हाताऱ्या बाईनं समजल्यासारखी मान हलवली.

भांडण खरंच आत्याशी चाललं होतं. चादरीला चिमटे लावताना, पोरीच्या वेण्या घालताना ती मनात आत्याला विचारत होती. एक नाव. मी जिला कधी पाहिलं नाही अशा कुणा म्हातारीचं नाव. त्याच्या बदल्यात माझी पोर. तू काय केलं असतंस गं? तुला पोर नव्हती, तुला सोपं होतं.

हे मनात आलं आणि ती ओशाळली. कारण आत्या त्या चिरक्या आवाजाच्या वेळी खोलीतच होती. राजाध्यक्षानं लावलेला तुकडा लवकर तोडलेला होता. त्याच्यापुढं काही तरी झालं होतं. ते मात्र अनघाला आठवत नव्हतं. धुक्यात ते हरवून गेलं होतं.

दुसऱ्या दिवशी संस्थेत जाऊन तिनं दार लावलं, आणि ज्या जागेला जन्मात हात लावायचा नाही असं ठरवलं होतं, ती जागा पाखडायला घेतली. आपलंच किंचाळणं दात आवळून ऐकलं. मग पुढचं ऐकलं. ऐकून झाल्यावर तिनं परिषदेच्या भाषणाचा मसुदा उघडून पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत खोडून टाकला.

\*

सभागृह मोठं होतं. बेचाळीस झेंडे, बेचाळीस पाण्याच्या बाटल्या. कार्यक्रम दूरचित्रवाणीवरून थेट चालला होता. राजाध्यक्ष तिसऱ्या रांगेत, पायावर पाय टाकून.

"आजवर तुम्ही या चाळणीतून भूकंप ऐकलात," अनघा इंग्रजीत म्हणाली. "आज मी तुम्हाला चाळून उरलेलं ऐकवते. हे माझं घर आहे. कोकणातलं. बोलणारी बाई मीच आहे."

प्रोफेसर तेलेस खुर्चीतून अर्धवट उठले. तिनं कळ दाबली.

"मला नको होतं हे बाळ. मला नको आहे. कुणीतरी घेऊन जा याला. घेऊन जा!"

तिनं त्याचं इंग्रजी करून सांगितलं. एक शब्द मऊ न करता. राजाध्यक्षाचा वरचा पाय खाली आला.

"मला धमकी देणाऱ्यांनी हे इथं तोडलं होतं," ती म्हणाली. "पुढं असं आहे."

पावलं वाजली. बाळाचं रडणं जवळ आलं, वर उचललं गेलं, मऊ झालं. आणि मग कालिंदीआत्या, जी घरात सरकारी मराठीच बोलायची, ती त्या दिवशी गावच्या बोलीत बोलली. "नीज गो बाय तू. मी धरतंय तिका. तुका नको तेव्हा माका दी, तुका व्हयी तेव्हा परत घे. मी खंय जातंय?" आणि नंतर नुसतं थोपटणं. मिनिटभर तरी थोपटणं चालू होतं; बेचाळीस देशांनी ते ऐकलं. अनघानं आत्याचे शब्दही इंग्रजीत सांगितले: तुला नको तेव्हा मला दे, हवी तेव्हा परत घे.

"ही माझी आत्या," अनघा म्हणाली. मान ताठ होती तिची. "लोक तिला टायपिस्ट म्हणायचे. ती माणसं वाचवायची. तिनं मला विचारलं होतं, या तारेतून बोलणं ऐकू जातं का? मी नाही म्हटलं होतं. तुम्हीही आज सही करण्याआधी हाच प्रश्न विचारायला हवा. उत्तर आता हो असं आहे. ज्या ज्या घरात तार जाते, त्या त्या घरात हो."

सेनेगालच्या प्रतिनिधी, पांढऱ्या केसांच्या धिप्पाड बाई, माइककडं वाकल्या. "मॅडम, सरकारी कचेऱ्यांतही ही तार असते ना? मंत्र्यांच्या खोल्यांत?"

"वेटोळं सहसा टेबलाखाली असतं."

बेचाळीस माणसं एकदम टेबलाखाली वाकली. आणि मग जो गलका उसळला, त्यात कुणी सही केली नाही. त्या दुपारीच नोंदींच्या भांडारांना टाळं लावायचा ठराव आला. एरवी ज्यांना वर्षं लागली असती त्यांनी तासाभरात हात वर केले, कारण आता प्रत्येकाला आपलं स्वतःचं टेबल आठवत होतं.

बाहेरच्या जिन्यावर राजाध्यक्षानं तिला गाठलं. त्याचा नीटनेटकेपणा पहिल्यांदाच थोडा चुरगळला होता.

"वेडेपणा केलात. जगापुढं स्वतःच्या तोंडानं!"

"आता तुमच्याकडं माझं काही राहिलं नाही."

"नाव राहिलं ना."

"ते राहिलं," अनघा म्हणाली, "आणि राहील. ती बाई कुठं आहे मला माहीत नाही, आणि मी शोधणारही नाही. आमच्याकडं आत्येनं कानात सांगितलेलं नाव पोरीचं असतं, निनादराव. पोरीचं लग्न होईस्तोवर कुणी मागायला येत नाही."

तो हसला नाही. पण जाताना त्यानं मान किंचित लववली. आत्याचं नाव अदबीनं घेणाऱ्या त्या जुन्या लोकांसारखी असेल कदाचित; तिला ठाऊक नव्हतं.

\*

ती चढावरून घरी निघाली ती जवळपास धावतच. कितीतरी दिवसांनी तिला मोठ्यानं बोलावंसं वाटत होतं, गाणं म्हणावंसं वाटत होतं. वाटेत परागचा जहाजावरून निरोप आला. पाहिलं. सगळ्यांना ओरडून सांगितलं, ही माझी बायको. तेव्हा तुझ्याजवळ असायला हवं होतं मी. तो वाचून ती चालता चालता रडली, आणि रडता रडता हसली.

दार ओदेतबाईंनी उघडलं. त्यांनी अनघाला छातीशी धरलं, दोन्ही गालांना गाल लावले. आत टीव्ही चालू होता. पडद्यावर पोर्तुगीज अक्षरं सरकत होती, आणि त्यामागून अनघाचा स्वतःचा आवाज येत होता. तोच तुकडा. बातम्यांत पुन्हा पुन्हा दाखवत असावेत.

या इमारतीत, या गल्लीत, तो आवाज अनुवादाशिवाय कळणारं एकच माणूस होतं, आणि ते सतरंजीवर मांडी घालून, चमच्यानं दहीभात खात टीव्ही बघत बसलं होतं.

"आई, तू टीव्हीत आलीस!" रुंजी उठून धावली आणि तिच्या कमरेला बिलगली. हाताला दही, ते सगळं साडीला. "आणि आत्याआजी पण! ओदेतआजी रडली. मी नाही रडले."

"शहाणी माझी," अनघा खाली बसली. पोरीचा चेहरा दोन्ही हातांत धरला. ओठांवर भाताचं शीत होतं, ते तिनं बोटानं टिपलं. "घाबरलीस का?"

"नाही." रुंजी विचारात पडली होती. काही तरी न जुळणारं जुळवायला बघताना ती भुवया एकत्र आणायची, तशा त्या आता आल्या होत्या. तिनं आईच्या गळ्यात हात टाकले आणि, दुसऱ्या कुणाच्या दुःखाबद्दल विचारावं तशा हलक्या आवाजात, विचारलं,

"आई, ते जे बाळ तुला नको होतं ना, त्याला मग कोण घेऊन गेलं?"